पंधरा मिनिटं

अलाबामा नदी इथं अशी वळते
की आमचं गाव तिन्ही बाजूंनी पाण्यात,
चौथ्या बाजूला लाल मातीचा रस्ता.
पलीकडं कॅमडेन:
दवाखाना, कचेरी, बिया-खताचं दुकान.
बोट होती तोवर ते जवळ होतं.

बासष्ट साली आई पलीकडं गेली,
मतदारयादीत नाव घालायला.
तिला अक्षरं यायची ती सुईतून.
पिठाच्या पोत्यावर लाल दोऱ्यानं
घालून घालून बसवलेली सात अक्षरं, लुवेनिया,
शेवटच्याची शेपटी कायम उसवलेली.
कारकून म्हणाला,
राज्यघटनेचं हे कलम समजावून सांग.
आई म्हणाली, आधी तुम्ही वाचून दाखवा.
तेवढंच.
येताना बोटीत डेलमारमामा पोट धरून हसत होता.
बाकी कुणी नाही.

त्याच वर्षी बोट बंद झाली.
नाव घाला म्हटलं
तर नावच काढून नेली त्यांनी.
समोर दिसतंय ते गाव
आता रस्त्यानं चाळीस मैल.

मामाचं पोट खरंच दुखलं ते अडुसष्टात.
ट्रकच्या हौद्यात, आईच्या गोधडीवर.
अठ्ठाविसाव्या मैलाला त्यानं विचारलं,
पाणी दिसतंय का गं?
म्हटलं, नाही मामा, पाइनची झाडं आहेत.
मग त्यानं काही विचारलं नाही.

मत द्यायला मिळालं, ते तोवर मिळालं होतं.
आईनं त्या दिवशी टोपी घातली होती.
पुढं शहरातले लोक आले,
तिच्या गोधड्या काचेत टांगल्या, खाली पाटी लावली.
तेही रस्त्यानंच आले,
धुळीला नावं ठेवत.

दोन हजार सहा. नवी बोट, रंगाचा वास,
कुणीतरी भाषण करत होतं.
मी घड्याळ लावून बसले.
पंधरा मिनिटं.

पैलतीरी उतरले तर
मला तिथं कामच नव्हतं काही.
एका पोरानं गाडी थांबवली,
कुठं सोडू, आजी?
म्हटलं, कुठंच नाही रे.

त्याच बोटीनं परत फिरले.
चव्वेचाळीस वर्षांत
पंधरा-पंधरा मिनिटं किती बसतात
ते बोटांवर मोजू लागले.
निम्म्यातही नव्हते
तर काठ लागला.