पापणीवर कान

तीन आठवड्यांपूर्वी मीच सही केली होती:
मेंदूत रक्तस्राव नाही, घरी जाऊ द्यावे.
छपरावरचा बर्फ लोटताना घसरला होता जानसुग,
दगडी पायरीवर कानशील आपटलं होतं,
आणि शुद्धीवर येताच त्याने आधी विचारलं होतं
फावडं कुणी उचलून ठेवलं का.

आज परत आलाय. मेस्तियाहून कुताइसीपर्यंत
पाच तास व्हॅनमध्ये, उजवा डोळा टॉवेलने झाकून.
लाल, सुजलेला, खोबणीतून पुढे ढकललेला डोळा.
गावात डोळे आलेत म्हणून थेंब दिले होते.
त्सिउरी, त्याची बायको, सांगते:
रात्री मला उठवतो. खिडकी लाव म्हणतो, नदी फार गर्जतेय.
खिडकी लावलेलीच असते, डॉक्टर.
आणि या दिवसांत आमची एन्गुरी
बर्फाखाली नुसती पुटपुटते.

नेस्तानबाई काही बोलल्या नाहीत.
स्टेथोस्कोपची चकती तळहातावर घासून ऊबदार केली
आणि त्याच्या मिटल्या पापणीवर ठेवली,
झोपलेल्या पोराच्या तोंडावरची माशी हाकलावी
इतक्या हलक्या हाताने.
मग नळ्या माझ्या कानांत दिल्या.

हुश्श. हुश्श. हुश्श.
नाडीच्या ठेक्यावर
आख्खी नदी, डोळ्यामागे.

मी जुना सीटी पुन्हा लावला.
कवटीच्या तळाशी होती ती रेघ, केसाएवढी.
तेव्हाही होती.

दुपारी मांडीतून सुई, सुईतून तार, तारेवरून नळी.
पडद्यावर औषध काळं होऊन मानेतून चढत गेलं
आणि जिथे धमनीने वळायचं तिथेच फुटून
शिरांच्या डबक्यात सांडलं,
पाटाचं पाणी उंदराच्या बिळातून
शेजाऱ्याच्या वाफ्यात जावं तसं.
प्लॅटिनमची वेटोळी, केसासारखी बारीक,
एकेक आत सोडत राहिल्या नेस्तानबाई.
सातव्याला जानसुगने बोट वर केलं. जागाच होता.
दुखतंय?
नाही. कुणीतरी खिडकी लावली.

एकाचे दोन दिसणं जायला महिने लागतील, मी सांगितलं.
दोन त्सिउरी, तो म्हणाला, आणि विचारात पडला.
ती हसली नाही. टॉवेलची घडी घालत राहिली.

जुन्या कागदावर माझी सही तशीच आहे,
ठळक, उजवीकडे झुकलेली.
फाईल मिटताना काहीतरी बोलायचं म्हणून
मी तिला विचारलं, फावड्याचं काय झालं.
छपरावरच आहे, ती म्हणाली.
वर कोण चढणार.