पंधरा तारखेच्या आत

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना.
वरच्या माळ्यावर माझं टेबल.
खालच्या लूमचा खडखडाट फरशीतून चढतो
आणि चहाच्या पेल्यात गोल गोल उमटतो.

तीस वर्षं पगारपत्रक करतोय.
आधी लाल कापडी पाठीचं मस्टर,
मग फ्लॉपी, मग पोर्टल,
मग पोर्टल बंद होऊन नवं पोर्टल.
मूळ पगार निम्म्याखाली चालणार नाही, असं आलं.
त्यावर खुलासा आला.
खुलाशावर खुलासा.
गुर्रम शेठ जिन्यातूनच विचारतात,
"कायदा शेवटी कुठं बसला, शिवयोगी?"
शेठ, बसला की सांगतो.
अजून उभाच आहे.

पंधराच्या आत पीएफ, पंधराच्या आत ईएसआय.
एक दिवस चुकला तर व्याज, वर दंड.
माझा एकही चुकला नाही.
लेकीच्या साखरपुड्यातही मी
मांडवाच्या मागं उभा राहून ओटीपी घेतलाय.

आज लच्चव्वा येमूल आली.
बावीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवल्या,
मार्चात निवृत्त झाली.
दुधाच्या पिशवीत घडी केलेला कागद:
दावा नामंजूर. नावात तफावत.
"मी लच्चव्वाच हाय की ओ साहेब.
ही लक्ष्मीबाई कोण,
माझं पैसं धरून बसलीय?"

कपाट उघडलं. वाळवी झटकली.
जुनं मस्टर, पान सत्तेचाळीस,
माझंच तरुण, वळणदार अक्षर.
आठवलं.
लच्चव्वा हे काय नाव झालं, म्हणालो होतो,
नीट लिहू या, लक्ष्मीबाई.
वर हसलोही होतो.
ती काही बोलली नव्हती.
नवी होती, कामाची गरज होती.

बावीस वर्षांत किती नियम फिरले,
दर फिरले, मर्यादा फिरल्या,
फॉर्मचे आकडे फिरले.
ही एक ओळ तेवढी जागची हलली नाही.

दुरुस्तीचा अर्ज भरला.
कारणाच्या रकान्यात
'टंकलेखनातील चूक' असा पर्याय होता.
तेव्हा टंक कुठला, बोरू नसला तरी पेनच होतं.
'इतर' निवडलं. लिहिलं:
लिहिणाऱ्याने विचारलं नाही.

शिक्का वाळला होता, हाहा करून वाफ दिली, मारला.
लच्चव्वा कागद लांब धरून बघत राहिली,
वाचता येत नाही तरी.
"मग ती लक्ष्मीबाई आता कुठं जायची ओ?"

आज चौदा तारीख.
चलन अजून भरायचंय.