पाठमोरा

हरिपुरात पेव उघडताना
आधी दोरीनं दिवा सोडतात.
दिवा तेवत राहिला तर माणूस उतरतो.
विझला, तर तोंड उघडं ठेवून बसायचं,
आत कोंडलेली हवा निघून जाईपर्यंत.

नेमगोंडा चौगुले, माझे थोरले काका,
नऊ वर्षांचे असताना पहिल्यांदा पेवात उतरले.
तळाशी हळदीवर उताणे पडून ओरडले,
आभाळ परातीएवढं आहे!
ही गोष्ट घरात इतक्यांदा झाली
की ती परात मला अजून दिसते,
एका काठाला चेपलेली.

पुढं ते विमानदळात गेले.
बाँब टाकणारं विमान, मागची जागा, बंदूक.
आणि आमचं घर पाणी गाळून पिणारं,
दिवस मावळायच्या आत जेवून उठणारं.
आजोबा दोन महिने बोलले नाहीत.
आजीनं गाळण्याचं फडकं
चौघडी करून ट्रंकेत ठेवलं:
तिकडं कुठलं पाणी असेल, कोण जाणे.

मागचा माणूस पाठमोरा बसतो
हे मला फार उशिरा कळलं.
वैमानिक बघतो जायचं तिकडं.
मागच्याला दिसतं ते सोडून आलेलं:
धावपट्टी, झावळ्या, खाडीचा गढूळ पट्टा.
आणि विमान सूर मारून खाली जातं
तेव्हा त्याची पाठ जमिनीकडं,
तोंडासमोर नुसतं आभाळ.
केवढं दिसलं असेल ते,
शेवटच्या वेळी?

चव्वेचाळीसच्या मार्चात
आराकानातून दोघं परतले नाहीत.
पत्र इंग्रजीत आलं.
कुंभोजकर मास्तरांनी ओट्यावर बसून वाचलं,
विमान ढगात शिरलं, पुन्हा दिसलं नाही.
पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.
डोंगराच्या उतारावर धूर दिसला होता.
वडिलांना ते सापडलं पंधरा वर्षांनी,
शब्दकोश घेऊन बसले तेव्हा.
त्यांनीही गिळलं.

बेपत्ता म्हणजे काय, आजी समजावून सांगायची
आल्यागेल्याला, अगदी शांतपणे:
त्याचा पत्ता नाही.
माझा आहे की. तो लिहील.

आमच्यात श्राद्ध नसतं.
पिंड नाही, कावळ्याची वाट बघणं नाही.
त्यामुळं त्यांना कधी आठवायचं
हे कुणी ठरवलंच नाही.
पेव उघडायच्या दिवशी
दिव्याची दोरी आजी कुणाला द्यायची नाही,
एवढंच.
हमाल खोळंबायचे. ती हात हात दोरी सोडायची
आणि दिवा टेकला तरी
थोडा वेळ धरून उभी राहायची.

मग तो मोठा पूर आला, पेवं बसली.
आमच्या पेवावर आता फरशी आहे,
पुतण्या तिथं मोटारसायकल लावतो.

भाचा सिंगापूरला असतो.
त्यानं फोटो पाठवला, एका भिंतीचा.
हजारो नावं, त्यात काका:
निमगुंडा.
आयुष्यभर कुणी त्यांना असं हाक मारली नसेल.
अर्ज केला तर दुरुस्त होतं म्हणे.

काल भरायला घेतला.
नातं: पुतणी.
मृत व्यक्तीला ओळखत होता का?
इथं मी चहा ठेवायला उठले.
परत आले, तो रकाना तसाच सोडला.
खाली पत्ता विचारला होता.
आजीचाच लिहिला,
पिनकोडसकट.