किती देते

हेराल्ड. एकोणसत्तरची. दोन दारं, कापडी टप,
मूळ रंग कोणता यावर घरात अजून वाद.
सिडकोच्या गल्लीत उभी केली की
कुणीतरी टायरला पाय लावून विचारणारच :
"किती देते?"
मी म्हणायचो, देते तेवढं घेतो.

खरी स्पोर्ट्स कार मी कधी चालवली नाही.
वाळूजच्या शेडमध्ये बावीस वर्षं
तिचा एक गिअर कापतोय फक्त,
दुसरा, तळहाताएवढा, एकोणतीस दात्यांचा.
तेल लावून, निळ्या प्लास्टिकात गुंडाळून
तो जर्मनीला जातो.
पाच मायक्रॉन इकडचे तिकडे झाले तर
चिठ्ठीसकट परत येतो.
बाकीची गाडी मी त्या दात्यांवरून ताडतो,
जिन्यातल्या पावलांवरून माणूस ओळखावा तशी.
कुठल्याशा घाटात आत्ता कुणी दुसरा टाकला असेल,
आणि त्याच्या हाताखाली, निमिषभर, मी.

समृद्धीवर एकदा एक पिवळी गेली शेजारून.
मांजरपाट टर्रकन फाडावं तसा आवाज.
वाईट वाटलं. गाडीचं नव्हे, रस्त्याचं.
इतका सरळ, की हातांना कामच नाही;
रेकॉर्ड संपल्यावर सुई फिरत राहते ना
कोऱ्या वळशात, खर्र, खर्र,
तसा.

माझा रस्ता निराळा.
पहाटे पाचला दौलताबादच्या वेशीखालून,
आधी हॉर्न, मग नाक,
वेरूळचा चढ, कन्नड, आणि औट्रम घाट.
वळणाच्या पोटात शिरताना पाय उचलायचा,
निघताना हळूहळू पाजायचं,
लेकराला वाटीनं पाजतात तसं.
त्या तासाभरात मला कुणी लहानेसाहेब म्हणत नाही.

मागच्या वैशाखात, परतीच्या चढाला,
तापमानाचा काटा मध्यावर, शहाण्यासारखा.
पाणी केव्हाच गळून गेलेलं. काटा खोटं बोलला.
आधी वास आला.
मग ती "हं" म्हणाली, एवढंच,
आणि चाकं गप्प.

चारही पिस्टन भाजलेले.
जालन्याला टकल्यांच्या भट्टीवर नेले,
तर टकले म्हणाले, "मोडीत कामून घालायलास?
सव्वा किलो माल हाय. काहीतरी गोल बनव."
थोडं कमी पडत होतं,
त्यात चंद्रकलाच्या जुन्या कुकरचं झाकण घातलं.
(शिट्टी काढून ठेवलीय. विचारलंच तर दाखवायला.)
बारा इंची थाळी निघाली, कडेला बुडबुडे, काळी, रुसलेली.
रविवारी शेड रिकामी असताना लेथवर धरली,
आणि पहिल्याच कटाला आतून चांदणं निघालं.

शहागंजच्या मुबीनभाईंनी हात बसवला, मोटर दिली.
मी सोन्याच्या सुईची चौकशी केली
तर चष्म्यावरून बघत म्हणाले,
"सुई कू सोना नक्को भाई, सबर होना."

आता रात्री सारंगीवरचा जोगिया लावतो.
पन्नास मायक्रॉनचा रस्ता,
कडेपासून आत, आत,
आणि अख्ख्या घाटात एकच वळण, कायम डावीकडे.
मी खुर्चीत बसल्या बसल्या थोडा उजवीकडे कलतो.
मिनिटाला तेहतीस फेरे आणि वर थोडं.
याच धातूनं कधी चार हजार सोसले होते.
कान लावला तर खाली एक घरघर ऐकू येते;
मुबीनभाई म्हणतात बेअरिंग.
असेल.

परवा भुजंगअण्णा दारातून डोकावले.
थाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
"लहाने, हे किती देतं?"
"एका बाजूला बावीस मिनिटं."
"आन् मग?"
"मग उठायचं. उलटायचं."
अण्णांनी चपला काढल्या.

बाहेर ताडपत्रीखाली हेराल्ड,
बॉनेटच्या पोकळीत मांजर व्यायलंय.
नवे पिस्टन कोइमतूरहून सुटलेत म्हणे,
सोमवारपासून.