गुडघ्यांखाली

रात्री अडीचला माझी पाळी सुरू होते.
उणे चोवीस. पातं खाली टाकलं
की रस्ता खरवडल्याचा आवाज थेट दाढांत येतो.
ओउलू झोपलेलं असतं. समुद्रही गोठून झोपलेला,
दिवसा त्यावरून लोक सायकली हाकतात.
माझं काम एवढंच: इथला बर्फ तिथे.
'तिथे' म्हणजे तोप्पिलाच्या जुन्या गोदामाची भिंत,
जिला खिडक्या नाहीत आणि विचारणारं कुणी नाही.

डिसेंबरात एकदा ढिगावर पावलं दिसली.
लहान बूट, तिरके चढत गेलेले,
आणि माथ्यावर, विटांवर, एक कान.
नुसता कान. निळा.
दुसऱ्या रात्री कानाला गाल आला.

पेंटिनेनला कळवायला हवं होतं.
नियमांचा कागद तर समोर काचेलाच चिकटवलाय.
मी काय केलं, ढीग जरा डावीकडे सरकवला,
वर आणखी दोन खेपा टाकल्या
आणि पात्याच्या पाठीने थोपटून एक पायरी केली.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मग एकदा ती दिसलीच.
इस्पितळाच्या धुलाईघरातली ताइमी,
साठीला टेकलेली.
कोटाच्या आत, पोटाशी, रंगाचे चार डबे,
कोंबडीने अंडी उबवावीत तसे.
एक काढायचा, हलवायचा,
आतली गोळी काकवीत अडकल्यासारखी फिरते,
दाबायचा. फुस्स.
तीन वीत रेघ, की डबा मुका.
परत पोटाशी. दुसरा.
तोटी गोठली की ती गालात धरते, वेलदोडा धरावा तशी,
आणि तेवढा वेळ भिंतीकडे बघत उभी राहते.
या थंडीत रंगाचं धुकं होत नाही,
रवा होतो.
म्हणून तिची माणसं जराशी खरखरीत.

इंजिन मी बंद केलं नाही
(केलं तर सकाळपर्यंत लागत नाही),
दिवे मात्र भिंतीवर धरले.
कपाळावर हात आडवा धरून तिने वळून पाहिलं.
वाटलं, ओरडणार.
म्हणाली, "जरा उजवीकडे."
अख्ख्या हिवाळ्यात आमचं बोलणं ते एवढंच.

मार्चपर्यंत अकरा माणसं झाली.
बसची वाट बघणारी, असं आपलं मला वाटतं.
एकीच्या शेजारी कुत्रं, एकाची टोपी हातात,
एक पोरगा उगाचच जीभ काढून.
सगळी गुडघाभर बर्फात उभी.
म्हणजे काढलेलीच गुडघ्यांपर्यंत.
खाली माझा ढीग होता, काढणार कुठे?

एप्रिलात ढीग बसला.
आधी काळवंडला, मग त्याला भोकं पडली,
आतून एक हातमोजा निघाला, एक सायकलची घंटी,
मग पाणी, मग नुसता रस्ता.
आणि अकरा माणसं हवेत.
दोन पुरुष उंचीवर, आणि खाली कोऱ्या विटा.
पेंटिनेन मान दुखेपर्यंत वर बघत राहिला.
"शिडीचा ओरखडासुद्धा नाही. चढलं कसं कोणी?"
मी म्हणालो, "कोण जाणे."

मे महिन्यात शाळेची पोरं खडू घेऊन आली.
खालून पाय काढायला लागली,
फरशीपासून वर, बुटांसकट, विटक्या मोज्यांसकट,
टाचा उंचावून हात पुरेल तिथवर.
एका पोरीने कुत्र्याला सहा पाय दिले,
कमी नकोत पडायला.
तरी वरचे गुडघे आणि खालच्या नडग्या
यांच्यात बरीच भिंत उरली.
ताइमी कामावरून जाता जाता थांबली होती,
वाफेने लाल झालेले हात खिशात घालून.
हसली का, ते लांबून कळलं नाही.

जूनच्या पावसात खडू गेला.

आता ऑक्टोबर. पात्याला तेल देऊन झालंय.
काल रिकामा असताना गोदामापाशी गेलो,
कोऱ्या विटांचे थर मोजले, दोनदा.
यंदा ढीग
पुरुषभर कमी ठेवायचा.