कूस

ग्दिनिया. चौथा मजला. पावणेसहा.
बोगुमिउ सतरंजीवर एका कुशीवर,
कोपरावर सगळा देह तोललेला.
कंबर खाली येऊ द्यायची नाही.
बरगड्यांखालचे तिरपे स्नायू थरथरतात.
बंदरात चाळीस वर्षं क्रेन चालवली,
यांची कधी ओळखच झाली नव्हती.

तीस मोजायचे. एकोणिसाला
मांजर कमानीखालून निवांत निघून जातं.

मग बसून, पाय अधांतरी,
पिठाची दोन किलोची पिशवी
या अंगाला, त्या अंगाला.
पिशवीला बारीक भोक,
सतरंजीवर पांढरी रेघ.
"पुन्हा सांडलं का रे?"
आतून हाल्श्का, अर्ध्या ओठांनी.

तो हात झटकतो, उठतो.
सहा वाजले.
तिची कूस बदलायची वेळ.
चारपासून भिंतीकडे होती,
आता खिडकी.