अर्धा किलो

सफाळ्याच्या वर्तकांनी ताजव्यात
अर्धा किलो गांडुळं तोलून दिली,
वर एक मूठ, मेथीवर कोथिंबीर घालावी तशी.
"मोजत बसू नका," म्हणाले, "मोजली की वाढत नाहीत."
मांडीवर डबा, डब्याला ओलं गोणपाट.
विक्रोळी स्टेशनावर रिक्षावाल्यानं विचारलं,
"कुल्फी आहे का मावशी?"
मी हो म्हटलं.

कन्नमवार नगर, दुसरा मजला.
गॅलरीत अर्धा कापलेला निळा ड्रम,
तळाला तापल्या सळईनं पाडलेली भोकं,
नारळाच्या शेंड्या, तबेल्यातलं जुनं शेण,
त्यावर पेपरच्या पट्ट्या.
पट्ट्या हेमकांत फाडतात.
फाडता फाडता वाचतात,
म्हणून एक पेपर संपायला दुपार जाते.
गुळगुळीत पुरवणी गांडुळांना नको असते,
छोट्या जाहिराती मात्र चट्कन संपतात:
नावात बदल केला आहे,
शेअर सर्टिफिकेट गहाळ झाले आहे.
आधी मऊ, मग काळं,
मग कुणाचं नाव, काय गहाळ,
काही विचारता येत नाही.

त्यांना लिंबू चालत नाही. मिरची, कांदा, मीठ,
फोडणीचं काहीच नाही.
दुधीची सालं बारीक चिरून,
चहाचा चोथा दोन पाण्यांनी धुऊन,
अंड्याची टरफलं खलबत्त्यात कुटून.
माझी साखर दोनशे दहा होती तेव्हा
मी स्वतःचं एवढं पथ्य केलं नव्हतं.
मे महिन्यात टेबलफॅन त्यांच्याकडे गेला,
आम्ही दोघं वरच्या पंख्याखाली
गरम वारा खात पडलो.

राजसीच्या केळवणाला बावीस पानं झाली.
उरलेला मसालेभात, कोशिंबीर, चटणीसुद्धा,
सगळं मीच नेऊन ओतलं.
वाटलं, त्यांचीही पंगत होऊ दे.
सकाळी लादीवर पसरली होती,
सुकलेली, तांबडी,
मागच्या वर्षीच्या राखीच्या दोऱ्यांसारखी.
झाडूनं ओढवेनात.
पत्रिकेच्या कडेनं एकेक उचलली.
फोनवर वर्तक म्हणाले,
"ताई, भूक सगळ्यांना असते,
पंगत सगळ्यांना सोसत नाही."
थोडी तळाशी जिवंत होती, शेणात, गुंडाळी करून.

त्याच आठवड्यात सेक्रेटरी माणगावकरांचं पत्र आलं,
विषय: गॅलरीतील किडे.
मी त्यांना बोलावून झाकण उघडून दाखवलं.
ते दारातूनच वाकले, रुमाल नाकाला.
नंतर रुमाल खाली आला.
"वास येत नाही," म्हणाले, जरा नाराजीनंच,
आणि पत्र मागे घेतलं नाही.

श्रावणात खत चाळलं, चहापत्तीसारखं सुटं,
मोगऱ्याला घातलं.
मोगरा ढिम्म.
त्याच्या बुडाशी एक भोपळा उगवला,
कधीतरी भाजीतून गेलेली बी असणार.
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
ग्रिल धरून तो डावीकडे सरकला,
पाइपावरून माणगावकरांच्या खिडकीत.
मी रोज बघायची, आज कापतील, उद्या कापतील.
एकदा बघितलं तर
वेलाखाली त्यांनी सुतळीची झोळी बांधलेली,
आणि झोळीत भोपळा,
नारळाएवढा, हिरवा, पाठ आमच्याकडे करून.

हेमकांतना एका कानानं ऐकू येत नाही,
तरी ते रात्री ड्रमजवळ खुर्ची ओढतात.
ऐकू येतं म्हणतात,
ओल्या कागदावरून कुणी बोट फिरवल्यासारखं.
मला दोन्ही कान आहेत. मला नाही येत.

दसऱ्यानंतर एका दुपारी बेल वाजली.
माणगावकर. हातात ताट,
ताटावर पेपर, खाली घारगे, गरम.
काही बोलले नाहीत. वळले,
जिना दोन पायऱ्या उतरले, परत आले,
खिशातून पिशवी काढली:
"साल. बारीक केलीय.
मीठ लागू दिलं नाही."

पेपरवरचा तेलाचा डाग तेवढा कापून टाकला.
बाकीचा हेमकांत वाचतायत.